भीमबेटका: चित्रं दहा हजार वर्षांची, मग त्यात घोडेस्वार कुठून आले?

चहाखारी:
गेल्या शनिवारी भोपाळहून भीमबेटक्याला, तिथली कातळावरची चित्रं पाहायला गेलो होतो. सोबत आई आणि चौथीतली लेक. गाइड प्रत्येक चित्रापाशी ‘दस हजार साल पुराना’ म्हणत होता. एका ठिकाणी लेकीने बोट दाखवलं, ‘अगं, हा घोड्यावर बसलाय, हातात तलवार आहे. तेव्हा तलवारी होत्या?’ गाइड हसला आणि पुढे गेला. मी आठवडाभर अडकलेय. कोणी सांगेल का?

भोपाळचा_भाचा:
लेकीला माझ्याकडून एक पेढा. ताई, उन्हाळ्यात नाही ना गेलात? कातळ असा तापतो की चप्पल भाजते.

चाळणीवाला:
ताई, लेक बरोबर आहे. सगळी चित्रं एका काळातली नाहीतच. माणसं त्या शैलाश्रयांत, म्हणजे कातळाच्या कपारींत, हजारो वर्षं येत राहिली आणि जुन्याच भिंतीवर नवं रंगवत राहिली. झू रॉक नावाच्या कातळावर तर चित्रांवर चित्रं चढलीत. शिकारी, हरणं, पोटातलं पाडस दिसणारी गाभण जनावरं, ही मध्याश्मयुगातली, म्हणजे शिकार करून जगणाऱ्या, बारीक दगडी हत्यारं वापरणाऱ्या माणसांच्या काळातली. ढाल-तलवारवाले घोडेस्वार ऐतिहासिक काळातले, खूप अलीकडचे. कोणती रेघ कोणत्या रेघेवरून गेली ते पाहायचं, वरची नंतरची. लेकीला हा खेळ आवडेल.

पण भिंतीपेक्षा पायाखालची माती जास्त बोलते. डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्र यांनी १९७०च्या दशकात ‘तीन एफ-२३’ या शैलाश्रयात खणलं. वरच्या थरांत सूक्ष्मास्त्रं, म्हणजे कॅल्सिडोनी या गुळगुळीत दगडाची नखाएवढी पाती. त्यांच्या खाली थरामागून थर जुनी हत्यारं, आणि तळाशी अ‍ॅश्युलियन, म्हणजे अश्मयुगाच्या खूप जुन्या टप्प्यातल्या, हातकुऱ्हाडी. त्या क्वार्टझाइट या कठीण दगडाच्या, हातात धरल्या तर मूठ भरून उरतील एवढ्या. तिथल्या माणसांनी दगड पसरून जमीन सपाट केल्याच्या खुणाही मिश्रांनी नोंदवल्या आहेत.

मी स्वतः दुसऱ्याच एका उत्खननात दोन हिवाळे चाळणी हलवली आहे. दिवसभर धूळ खाऊन शेवटच्या घमेल्यात एक पातं लागलं. कडेवरचे बारीक टवके उन्हात चमकत होते. मी ते खिशात टाकायला निघालो तर उत्खनन पाहणाऱ्या बाईंनी मनगट धरलं, ‘थर लिहिलास का आधी?’ थराची नोंद नसेल तर तो नुसता दगड.

मध्याश्मयुगीन थरांत गेरूचे झिजलेले खडे सापडलेत. घासल्याने त्यांच्या बाजू सपाट झाल्यात. भिंतीवरचा लाल रंग आणि जमिनीतला थर असे जोडता येतात.

चहाखारी:
अहाहा! लेकीला आत्ताच वाचून दाखवलं. ती विचारतेय, हे पहिल्यांदा कोणी शोधलं?

भोपाळचा_भाचा:
हरिभाऊ वाकणकर. नीमचचा मराठी माणूस. रेल्वेतून जाताना डोंगर दिसला आणि चालत वर गेले, असं सांगतात. साल १९५७-५८. युनेस्कोच्या यादीत नाव यायला मात्र २००३ उजाडलं. शिवाय तिथल्या गुहेच्या छतावर ‘जगातला सगळ्यात जुना प्राणी’ जीवाश्म म्हणून सापडलाय, तो पाहिलात का?

चाळणीवाला:
भाच्या, तो प्राणी नव्हता रे. डिकिन्सोनिया या अतिप्राचीन प्राण्याचा जीवाश्म म्हणून गाजला खरा, पण नंतर दुसऱ्या गटाने जाऊन पाहिलं तर ते मधमाश्यांचं जुनं पोळं निघालं. दगडावर चिकटून वाळलेलं. आणि पहिल्या गटाच्या मुख्य संशोधकाने चूक मान्य केली, हे विशेष.

चहाखारी:
लेक म्हणतेय, पोळंच जास्त भारी. पुढच्या खेपेला दुर्बीण घेऊन जायचं ठरलंय.