गर्भाशयमुखाची तपासणी: फलक नक्की कोणाशी बोलतो?

खाडीकाठ

आमच्या एसटी स्टँडवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा नवा फलक लागलाय. गुलाबी फूल, हसरी बाई, कडेवर मूल. मजकूर साधारण असा: ‘लाज सोडा, तपासणी करा, कुटुंबासाठी एवढं कराच.’ त्याखाली लक्षणांची यादी: अंगावरून पांढरं जाणं, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणं, संबंधांनंतर रक्त दिसणं, ओटीपोटात दुखणं. शेवटी ‘जवळच्या आरोग्य केंद्राशी संपर्क साधा’.

मी वेंगुर्ल्याच्या बाजूला एका काजू कारखान्यात हिशोब लिहिते. समोर चाळीसेक बायका दिवसभर काजू सोलत असतात. दुपारी डबे सोडल्यावर विषय काढला, तर एक काकी म्हणाली, ‘ह्यातला माका कायच नाय. मगे मी कित्याक जाव?’

तिचं काय चुकलं? फलक वाचून तिने काढलेला अर्थ बरोबरच आहे. चुकलाय फलक. ही तपासणी मुळात काहीच होत नसलेल्या बाईसाठी असते. हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो तो एचपीव्ही विषाणू शरीरात ठाण मांडून बसला, तरी कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं जातात. त्या काळात पेशी बदलत असतात, पण दुखत नाही, रक्त जात नाही. तेव्हा सापडलं तर छोट्या उपचारात भागतं. यादीतली लक्षणं दिसायला लागली, की त्या बाईला शिबीर नको, सरळ स्त्रीरोगतज्ज्ञ हवा. म्हणजे जिला बोलवायचं तिलाच फलक सांगतो, ‘तू घरी बस.’

आणि ही ‘लाज’ कुठून आली? बायकांना विचारा की. आमच्याकडे पहिला प्रश्न आला, ‘तपासणारा बाप्या असतलो काय?’ दुसरा, किती वेळ मोडेल, कारण सोलण्याचे पैसे किलोवर मिळतात. तिसरा, काही निघालं तर गोव्यात बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात जायचं की मुंबईला, आणि बरोबर कोण येणार. लाजेचं नाव चौथ्या नंबरलाही कोणी घेतलं नाही. फलकवाल्याने मात्र तिथूनच सुरुवात केलीय.

गटप्रवर्तक

ताई, तुमचं म्हणणं मला पटत नाही, स्पष्टच लिहिते. अकरा वर्षं आशाताईंबरोबर वाड्या पायाखाली घालतेय.

फलक त्या काकीसाठी नसतोच. तो तिच्या सासूसाठी, दिरासाठी, रिक्षावाल्यासाठी असतो. आशाताई दारात जाते तेव्हा ‘हा काय नवीन प्रकार’ असं कोणी म्हणू नये, नाव आधी कानावरून, डोळ्यांवरून गेलेलं असावं, एवढंच त्याचं काम. फलकावरचा ‘कुटुंबासाठी’ हा शब्दही तुम्हाला खुपत असेल. पण आमच्याकडे किती बायका घरात म्हणू शकतात, ‘मी माझ्यासाठी चाललेय’? तो शब्द तिचा परवाना आहे. ती त्यावर उंबरठा ओलांडते, आत आल्यावर आम्ही दुसरं बोलतो.

लक्षणांच्या यादीचंही सांगते. पाळी जाऊन सहा वर्षं झालेली एक बाई आठ महिने पुन्हा रक्त जातंय म्हणून गप्प होती. उष्णता म्हणून कोकम सरबत पीत होती. असाच फलक वाचून आली. तिला तुमचं ‘लक्षणं छापू नका’ कोण समजावणार?

आणि लाज नाही म्हणता, तर ऐका. एका ठिकाणी पत्रकावर ‘योनी’ हा शब्द छापला होता. दोन दिवसांत गावातल्या प्रतिष्ठितांच्या तक्रारीवरून गठ्ठे परत गेले. तक्रार करणारे सगळे पुरुष होते.

खाडीकाठ

म्हणजे लाज प्रतिष्ठितांची, आणि सोडायची आम्ही!

त्या बाईचं मात्र मान्य. यादी हवीच. पण वेगळ्या फलकावर, वेगळ्या मथळ्याखाली: ‘हे होत असेल तर आजच डॉक्टरांकडे.’ दोन्हींचा काला करून दोन्ही वाया जातंय.

तिठ्यावरचा

एवढा कीस कशाला पाडायचा? भीती घातल्याशिवाय माणूस हलत नाही. तंबाखूच्या पुडीवर सडलेला जबडा छापतात ते काय शोभेसाठी? वर्षाला सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा रोग होतो देशात. तोच आकडा मोठ्ठा लिहा, खाली स्मशान काढा.

खाडीकाठ

काका, तो प्रयोग होऊन गेलाय. २ फेब्रुवारी २०२४ ला पूनम पांडे ही नटी या रोगाने गेली अशी बातमी तिच्याच खात्यावरून आली, दुसऱ्या दिवशी ती हजर. जागृतीसाठी केलं म्हणे. आमच्या कारखान्यात त्या दोन दिवसांत नुसता तोच विषय. आज विचारा, सगळ्यांना ती बाई आठवते. तपासणी कुठे होते हे एकीलाही सांगता येत नाही. आणि इथे बायका ‘कॅन्सर’ शब्दच उच्चारत नाहीत, ‘तो रोग’ म्हणतात. स्मशान काढलंत तर त्या फलकाच्या बाजूने चालणंही सोडतील.

ओपीडीनंतर

डॉक्टर आहे, रत्नागिरी जिल्ह्यात. दोघींचं थोडं थोडं खोडतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) तीस ते एकोणपन्नास वयाच्या जेमतेम १.९ टक्के बायकांनी ही तपासणी कधीतरी केली होती. शंभरात दोघीही नाहीत. हा खड्डा फलकाच्या भाषेने पडलेला नाही. मराठी मुलखातच दोन मोठे अभ्यास झालेत. उस्मानाबाद जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका होत्या. एकदाच एचपीव्हीची चाचणी केलेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ते २००९ साली प्रसिद्ध झालं. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने दहावी शिकलेल्या स्थानिक बायकांना शिकवून व्हिनेगरवाली तपासणी केली (व्हिनेगर लावल्यावर बदललेल्या पेशींचा पांढरा डाग दिसतो), तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दोन्हीकडे बायका आल्या त्या कोणीतरी दारात जाऊन, नाव घेऊन बोलावलं म्हणून. गुलाबी फूल बघून नव्हे.

(तुलनेसाठी ठेवलेल्या गटांतल्या बायकांना तपासणी न देता नुसती माहिती दिली, यावर पुढे बरीच टीका झाली. तीही योग्यच. नुसतं सांगून किती फरक पडतो, हेही त्याच गटांनी दाखवलं असं म्हणता येईल, पण तो फार महाग धडा झाला.)

माझी खरी तक्रार वेगळी. फलक ‘तपासणी करा’ म्हणून थांबतो. पांढरा डाग दिसला म्हणजे काय, हे कोणी सांगत नाही. डाग दिसलेल्या बहुतेकींना कॅन्सर नसतो. पण ‘पॉझिटिव्ह’ एवढाच शब्द घेऊन बाई घरी जाते, रात्रभर झोपत नाही, आणि वाडीतल्या पुढच्या दहा जणी येत नाहीत.

दिव्याचा चाकरमानी

एक शंका. हा विषाणू शरीरसंबंधांतून येतो, हे कुठल्याच फलकावर का नसतं? लपवाछपवी कशाला? निम्मी माणसं अजून ‘स्वच्छता न पाळल्याने होतो’ असंच समजतात.

गटप्रवर्तक

भाऊ, लिहून बघा एकदा. नवरा तिकडे मुंबईजवळ दिव्याला, बायको गावात, भेट गणपतीला आणि शिमग्याला. तपासणीत डाग निघाला की पहिला प्रश्न ‘कोणाकडून?’ आणि तो तुम्हाला नाही, तिला विचारणार. मी अशी भांडणं सोडवलीयेत. म्हणून मी तोंडी सांगते, एकेकीला. छापत नाही.

ओपीडीनंतर

पण अर्धवट सांगितलं तरच ते भांडण होतं. हा विषाणू इतका सर्रास आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधीतरी होऊन जातो, आणि बहुतेकांचा वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. आज दिसलेला बदल वीस वर्षांपूर्वीच्या संसर्गाचाही असू शकतो. कोणाकडून आला हे कुठलीही चाचणी सांगत नाही. हे शेवटचं वाक्य छापाच.

एकटी वेंगुर्लेकरीण

मी बावन्न वर्षांची, मालक जाऊन नऊ वर्षं झाली. शिबिरात गेले तर सिस्टर म्हणाली, ‘तुम्हांला कशाला? मालक नाहीत ना?’ मी परत आले. आता वर वाचतेय की वीस वर्षांपूर्वीचंही असू शकतं. तुमच्या फलकावरची ती मूल घेतलेली बाई मी नाही, आणि ‘कुटुंबासाठी’ म्हणाल तर माझा मुलगा पुण्याला. मग मला कोण बोलावतंय?

गटप्रवर्तक

काकी, ते त्या सिस्टरचं चुकलं. तुम्ही याच. ‘कुटुंबासाठी’चा हट्ट तुमच्यापुरता सोडते.

खाडीकाठ

मग असं छापू या. सुधारा:

‘काहीही त्रास नसला तरी या. वय तीस ते पासष्ट. लग्न झालेली, नवरा नसलेली, पाळी गेलेली, सगळ्या. तपासणारी बाईच असेल. पडदा असेल. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावून एक मिनिट थांबतात, थोडं चुरचुरेल. पाळी चालू असेल तर नंतर या. पैसे नाहीत. पांढरा डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. पुढची तपासणी कुठे आणि कधी, ते त्याच दिवशी लिहून मिळेल. सगळं ठीक असेल तर पुन्हा पाच वर्षांनी.’

तारीख जून-जुलैतली ठेवा, मासेमारी बंद असते, कोळणी मोकळ्या असतात.

तिठ्यावरचा

आणि जून-जुलैत भाताची लावणी कोण करणार? फलकवाला?

ओपीडीनंतर

पाळी गेल्यावर ही व्हिनेगरची तपासणी तितकी भरवशाची राहत नाही, बघायची जागा आत सरकते. ‘पाळी गेलेल्यांसाठी डॉक्टर वेगळं बघतील’ असं घाला. आणि ‘गर्भाशय’ कोण म्हणतं? ‘पिशवीचं तोंड’ लिहा.

गटप्रवर्तक

पिशवी चालेल. पडदा मी स्वतः शिवून नेईन. पण ‘त्याच दिवशी लिहून मिळेल’ हे मला छापता येणार नाही. पुढची तपासणी करणारे डॉक्टर आमच्याकडे आठवड्यातून एकदा येतात, आणि कधी कधी येतच नाहीत. ज्याची खात्री नाही ते बायकांना सांगून मी त्या वाडीत पुन्हा कशी जाऊ?

खाडीकाठ

मग ती ओळ रिकामी ठेवा. ‘पुढची तपासणी: दिनांक’ आणि पुढे नुसती टिंबं.

गटप्रवर्तक

रिकामी ओळ बघून बायका पहिलं तेच विचारतील.

एकटी वेंगुर्लेकरीण

विचारू देत की.