घोट्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन: 'दोन भोकं आणि घरी' खरं का?

मंगळवारपेठ_राइटबॅक
उजवा घोटा पुढच्या बाजूला दुखतोय. पळताना फार नाही, पण उकिडवं बसलं किंवा जोतिबाच्या पायऱ्या उतरायला लागलो की पुढून चिमटतंय. एक्स-रेत नडगीच्या टोकाला हाड वाढलेलं दिसतंय, एमआरआयही झाला. पट्टा, गोळ्या, फिजिओ, सगळं करून झालं. डॉक्टर म्हणतात दुर्बिणीतून काढू, दोन भोकं, त्याच दिवशी घरी. एवढं सोपं हाय काय? बुलेट कधी चालवता येईल? वडील म्हणतात, पायाला हत्यार लावू नको.

गुजरीतला_गोलकीपर
भावा, माझ्या डाव्या घोट्याचं झालंय. भोकं सगळ्यांची तेवढीच असतात. आत काय केलं त्यावर कुबड्या कधी सुटणार ते ठरतं. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या पोराचं नुसतं वाढलेलं हाड घासलं, तो लगेच पाय टेकायला लागला. पट्टी माझ्यासारखीच. पण माझा टॅलसवरचा, म्हणजे घोट्यातल्या नडगीखालच्या हाडावरचा, कार्टिलेजचा (हाडावरच्या गुळगुळीत थराचा) तुकडा सुटला होता. तो काढून खालच्या हाडाला बारीक छिद्रं पाडली. त्यातनं मज्जेतलं रक्त येतं आणि नवा थर धरतो. मूळच्या कार्टिलेजएवढा दमदार नसतो तो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तो धरेपर्यंत पायावर भार नाही, साधारण सहा आठवडे.

ऑपरेशनचं काही वाटलं नाही. पाठीत सुई, मांडीला पट्टा आवळला, सांध्यात सलाईन सोडून फुगवला, बास. खरी परीक्षा घरी. आमचं दुसऱ्या मजल्यावर घर, देशी संडास. कमोडची खुर्ची आधीच भाड्यानं आणून ठेव. मी पेढीवर गादीला मांडी घालून बसणारा. आता खुर्ची टाकलीय, गिऱ्हाइकाला वाटतंय शेटजी मोठे झाले.

आणि पायाचं सूप पी म्हणून अख्खी गल्ली मागं लागंल. प्यावं, झकास लागतं. कार्टिलेज येत नाही त्यानं.

वडिलांना डॉक्टरांकडं घेऊन जा, एक्स-रे त्यांना दाखवायला लाव.

फिजिओताई_राजारामपुरी
नवी बुलेट असेल तर मागचा ब्रेक उजव्या पायाला, जुनी असेल तर गिअर उजव्या पायाला. दोन्हीकडून अडकलास. एकदम जोरात ब्रेक दाबताना घोटा दुखत नाही आणि डॉक्टर हो म्हणतात, तोवर मागं बसायचं.

संध्याकाळी सूज येणं काही महिने चालतं, घाबरू नकोस. पावलाच्या वरच्या बाजूला बधिरपणा आला तर सांग. भोकाजवळून एक नस जाते, तिला धक्का लागू शकतो. मात्र पोटरी दुखून सुजली, धाप लागली, ताप आला किंवा टाक्यातून पाणी यायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखव. एका पायावर टाच उचलणं आणि उड्या मारणं दुसऱ्या पायाइतकं जमल्याशिवाय शाहू स्टेडियमवर फुटबॉलला उतरायचं नाही. एमआरआयच्या रिपोर्टात कार्टिलेजबद्दल काय लिहिलंय?

मंगळवारपेठ_राइटबॅक
आत्ता काढून वाचला. टॅलससमोर 'ऑस्टिओकॉन्ड्रल लीजन' लिहिलंय. डॉक्टर हाडाचंच बोलले होते. म्हणजे मीबी सहा आठवडे?

फिजिओताई_राजारामपुरी
तसं लगेच धरू नकोस. ऑस्टिओकॉन्ड्रल लीजन म्हणजे कार्टिलेज आणि त्याखालच्या हाडाला झालेली इजा. लीजन केवढं आणि कुठं आहे, वरचं कार्टिलेज घट्ट आहे का सुटलंय, हे डॉक्टरांना विचार. प्रत्येकाला छिद्रं पाडत नाहीत. पण दुर्बीण आत गेल्यावर ते सुटलेलं निघालं तर त्याच वेळी काय करणार, हे संमतीच्या कागदावर सही करायच्या आधी विचारून घे. पेठेतल्या पोरांना फायनलला येतो म्हणून शब्द मात्र देऊन बसू नकोस.