मदत हवी आहे: क्रूझवर केबिन कुठली घ्यावी? खालची मधली की मागच्या टोकाची बाल्कनीवाली?

नमस्कार मंडळी,

आईबाबांना घेऊन आठवडाभराच्या क्रूझला जायचं ठरलंय. जहाज ठरलं, तारखा ठरल्या, आता घोडं अडलंय केबिनवर. दोन केबिन हव्यात, एक त्यांना आणि एक मला व नवऱ्याला, शक्यतो शेजारी.

आईला बोट लागते. साध्या फेरीबोटीतही तिचा चेहरा पांढराफटक पडतो. बाबांचे गुडघे दुखतात, लांब चालवत नाही, आणि झोप इतकी सावध की दार वाजलं तरी उठून बसतात. तरीही बाल्कनी हवीच, हा हट्ट बाबांचाच. "समुद्र बघायला जायचं आणि खोलीत कोंडून बसायचं का?" असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटतं. दोघांचं हे बहुधा पहिलं आणि शेवटचं असं मोठं फिरणं असेल, त्यामुळे निवड नीट व्हावी असं फार वाटतंय.

सध्या समोर आहेत त्या दोन जागा: तिसऱ्या डेकवर जहाजाच्या मध्यभागी, न उघडणाऱ्या खिडकीची केबिन, किंवा नवव्या डेकवर अगदी मागच्या टोकाला, मोठ्या बाल्कनीची. भाड्यातला फरक आम्हाला झेपेल. एजंट म्हणतो, आता गॅरंटी केबिन घ्या, प्रकार तुमचा आणि नंबर कंपनी देईल, स्वस्तात पडेल. शिवाय जहाजाला स्टॅबिलायझर आहेत, काही हलत नाही, असंही तो म्हणतो. खरं आहे का हे? मागच्या बाजूला आवाज आणि थरथर किती असते? ज्यांनी वडीलधाऱ्यांना नेलं आहे त्यांनी जरूर सांगा.

---

गलबत

आईंना बोट लागते हे एकच कारण मधल्या केबिनसाठी पुरेसं आहे, असं माझं स्पष्ट मत.

लाटा समोरून आल्या की जहाज सी-सॉसारखं पुढेमागे कलतं. मधे हालचाल सगळ्यात कमी, दोन्ही टोकं सगळ्यात जास्त वरखाली. लाटा बाजूने आल्या की जहाज डावीउजवीकडे झुलतं, आणि तेव्हा जितकं उंच जाल तितका झोका मोठा. म्हणजे नवव्या डेकचं मागचं टोक दोन्हीकडून त्रासाचं.

स्टॅबिलायझरबद्दल एजंट अर्धंच सांगतोय. जहाजाच्या दोन्ही कुशींतून पाण्याखाली पंखासारखे भाग बाहेर येतात, ते डावीउजवीकडचं झुलणं बरंच कमी करतात. पुढेमागे कलण्यावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. शिवाय पंखांवरून पाणी वाहत असलं तरच ते काम करतात, त्यामुळे जहाज संथ असताना उपयोग कमी.

खिडकी मात्र सोडू नका. आतला कान सांगतो आपण हलतोय, आणि डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते. या गोंधळातूनच मळमळ सुरू होते. क्षितिज दिसलं की बऱ्याच जणांना आराम पडतो. खालच्या डेकचा एक तोटा ध्यानात ठेवा: समुद्र फार खवळला तर तिथल्या खिडक्यांवर आतून लोखंडी झाकणं लावतात, म्हणजे नेमकं गरज असते तेव्हा बाहेरचं दिसत नाही. अशा वेळी मधल्या भागातल्या उघड्या डेकवर जाऊन बसायचं. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना आधी विचारून, आणि मळमळ सुरू व्हायच्या आधी. बऱ्याच गोळ्यांनी झोप येते.

मागच्या बाजूच्या थरथरीचं म्हणाल तर जहाजागणिक फरक. नव्या बऱ्याच जहाजांत प्रोपेलरची मोटर तळाखाली फिरत्या पॉडमध्ये असते, तिथे त्रास कमी. पण धक्क्याला लागताना किंवा वळताना मागे थरथर जाणवतेच. पुढच्या टोकाचीही तीच गत: पहाटे बंदरात शिरताना आडवे ढकलणारे थ्रस्टर सुरू होतात, कुठे कुठे नांगराची साखळी खडखडते.

---

रातवा

बाबांच्या झोपेसाठी सांगते. डेक प्लॅनवर, म्हणजे जहाजाच्या मजल्यांच्या नकाशावर, फक्त आपली केबिन बघू नका, तिच्या बरोबर वर आणि बरोबर खाली काय आहे ते बघा. वरही केबिन, खालीही केबिन, तर बिनधास्त घ्या. पोहण्याच्या तलावाच्या डेकखाली असाल तर उजाडायच्या आत खुर्च्या ओढल्याचा आवाज डोक्यावर. स्वयंपाकघराखाली ट्रॉल्या, थिएटर किंवा नाइट क्लबवर असाल तर रात्री उशिरापर्यंत धडधड. प्लॅनवर काहीच न लिहिलेली कोरी जागा दिसली तर तिच्याजवळही जाऊ नका, तिथे बहुतेक वेळा कर्मचाऱ्यांच्या कामाच्या खोल्या असतात.

आणि दोन केबिनमधल्या आतल्या दाराचं! तुमच्या दोन्ही केबिनना जोडणारं दार असेल तर सोयच आहे. पण बाबांच्या केबिनचं दार दुसऱ्या बाजूच्या अनोळखी कुटुंबाकडे उघडत असेल तर त्यांचं बोलणं, टीव्ही, सगळं ऐकू येतं. प्लॅनवर दोन केबिनच्यामध्ये छोटी खूण असते ती शोधा.

---

टेकू

गुडघ्यांचा विषय कुणी घेतला नाही म्हणून लिहितो. आजची जहाजं प्रचंड लांब असतात. २०२४ साली सुरू झालेलं आयकॉन ऑफ द सीज सुमारे ३६५ मीटर आहे; टायटॅनिक २६९ मीटरचं होतं. बऱ्याच जहाजांत थिएटर पुढच्या टोकाला आणि मुख्य भोजनगृह मागच्या टोकाला. मागची केबिन घेतली तर प्रत्येक कार्यक्रमाला अख्खं जहाज ओलांडून जायचं आणि परत यायचं. मधून दोन्हीकडे निम्मंच अंतर.

लिफ्टजवळची केबिन घ्या, पण अगदी समोरची नको. तिथे रात्री उशिरापर्यंत माणसं गप्पा मारत थांबतात. चार-सहा दारं आत, कॉरिडॉरमध्ये वळून गेलेली असली की आवाज पोचत नाही.

बुकिंग करतानाच कंपनीला गुडघ्यांबद्दल कळवून ठेवा. आणीबाणीत लिफ्ट वापरता येत नाही, जिन्यानेच जमायच्या ठिकाणी जावं लागतं. ज्यांना जिना जमत नाही त्यांच्या मदतीची सोय कर्मचारी करतात, पण त्यांना आधी माहीत हवं.

---

फेसाळ

सगळे मागच्या टोकाच्या विरोधात बोलतायत, म्हणून दुसरी बाजू. मागची बाल्कनी बऱ्याचदा खोल आणि ऐसपैस असते, जहाज चालू असताना समोरून येणारा वारा तिथे तितका झोंबत नाही, आणि पाण्यावर दूरवर उमटत जाणारी पांढरी रेघ तासन्‌तास बघावी अशी. तोटे आहेतच: कधी कधी धुराड्यातली काजळी खुर्चीवर पडते, आणि वरच्या डेकवरून लोकांना तुमची बाल्कनी दिसू शकते.

पण आधी हे सांगा, जाताय कुठे? अलास्काच्या इनसाइड पॅसेजसारखं बेटांच्या आडोशाचं पाणी असेल तर टोकाची केबिनही चालून जाईल. हिवाळ्यातला उत्तर अटलांटिक असेल तर मीसुद्धा मधेच जाईन.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! आमचा मार्ग नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेकडे, आणि जहाज त्याच बंदराला परत येतं. मधे काही भाग उघड्या समुद्राचा आहे.

तुमचं वाचून पुन्हा प्लॅन काढला. सातव्या डेकवर मध्यभागी दोन शेजारच्या बाल्कनी केबिन मिळतायत. वरखाली केबिनच, मधलं दार आमच्याच दोन केबिनमध्ये उघडणारं. खालच्या डेकबाहेर लाइफबोटी टांगलेल्या आहेत. बाबा खूश, पण लाइफबोटींमुळे दृश्य अडेल का? आणि डावी बाजू घेऊ की उजवी?

---

गलबत

तिसरा डेक सोडून सातवा घेतलात तर झोका थोडा वाढेल, पण मध्यभाग सुटत नाही हे महत्त्वाचं. मला हा तोडगा दोन्ही मूळ पर्यायांपेक्षा आवडला.

लाइफबोटी खालच्या डेकला असतील तर बाल्कनीत बसून क्षितिज बहुतेक मोकळं दिसेल. कठड्यावरून वाकून खाली पाहिलं तर बोटींची छपरं दिसतील. त्याच डेकला असत्या तर मी नको म्हटलं असतं. तरी बुकिंगच्या पानावर 'दृश्य अंशतः अडलेलं' अशी नोंद आहे का, ते त्या केबिन नंबरापुढे तपासा, आणि एजंटकडे त्याच केबिनचे फोटो मागा.

बाजूचं म्हणाल तर नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेला जाताना जमीन उजवीकडे, परतताना डावीकडे. परत त्याच बंदराला येताय म्हणजे दोन्ही बाजू साधारण सारख्याच. फिओर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधून आत गेलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीत, शिरलात की डोंगर दोन्हीकडे. फक्त जाताना दिवसा किनाऱ्यालगत आणि येताना रात्री असं वेळापत्रक असेल तर उजवी घ्या.

गॅरंटी मात्र अजिबात नको. त्यात केबिन शेजारी मिळतील याची खात्री नसते आणि मिळालेली जागा सहसा बदलून देत नाहीत. तुमच्या बाबतीत सगळा प्रश्न जागेचाच आहे.

---

रातवा

उजवीकडच्या दोन केबिन निवडल्यात तर दाराची खूण नक्की त्याच दोन नंबरांच्यामध्ये आहे ना, हे फोनवर विचारून घ्या. प्लॅनवर एक घर इकडेतिकडे दिसतं. आणि जमलं तर आजच नंबर पक्के करा, शेजारच्या मधल्या केबिन सगळ्यांत आधी जातात.