मदत हवी आहे: ओमानची बाल्कनी वॉक, १० वर्षांचा भाचा आणि दृष्टीभय असलेले भावजी

नमस्कार मंडळी, आम्ही मस्कतला असतो. डिसेंबरात पुण्याहून ताई, भावजी आणि भाचा येतायत आणि भाच्याने आत्तापासून धोशा लावलाय की जबल शम्सची बाल्कनी वॉक करायचीच. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी, जबल शम्स म्हणजे ओमानमधला सगळ्यात उंच डोंगर, ३००० मीटरच्या आसपास, आणि त्याच्या पोटात वादी घूलची (वादी म्हणजे एरवी बहुतेक कोरडं असणारं नदीचं खोरं) प्रचंड घळ आहे. त्या घळीच्या कड्याच्या मधोमध अल खितैम गावापासून अस साब नावाच्या सोडून दिलेल्या वस्तीपर्यंत एक जुनी गाढववाट जाते, तीच ही, नकाशावर वाटेचा क्रमांक डब्ल्यू ६. एका बाजूला उभी भिंत, दुसऱ्या बाजूला शेकडो मीटर दरी, रेलिंग बिलिंग काही नाही.

मी आणि नवरा दोघं पूर्वी सह्याद्रीत बऱ्यापैकी फिरलोय, भाचाही हरिहर किल्ला करून आलाय आणि त्या पायऱ्यांवर अजिबात घाबरला नव्हता म्हणे. प्रश्न भावजींचा आहे. त्यांना दृष्टीभय आहे, म्हणजे चढायला दमत नाहीत पण दरी दिसली की पाय लटपटतात आणि मग जागेवरच खाली बसतात. आता ते म्हणतायत की मुलगा जाणार तर मीही येणार, आणि एका बापाला तू येऊ नकोस असं तोंडावर सांगायची माझी हिंमत होत नाहीये.

तर मला विचारायचंय की वाट खरंच किती रुंद आहे, अरुंद पट्टे सुरुवातीलाच लागतात का मध्ये कुठेतरी, अर्ध्यातून मागे फिरता येतं का, आणि मुलाला मध्ये घेऊन चालताना पुढे कोण मागे कोण? कृपया प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनीच सांगा, व्हिडिओवाले सगळे एकतर अगदी सोप्पंय म्हणतात नाहीतर मरणाची वाट म्हणतात.

रुवीकर:
ताई, जाऊन आलोय, एकदा माझ्या मुलीलाही नेलंय. वाट बहुतेक ठिकाणी दोन माणसं शेजारून जातील इतकी आहे, काही वळणांवर एकामागून एकच. हात लावून चढायचं असं काही नाही, नुसतं चालणं. पिवळा-पांढरा-लाल अशा रंगपट्ट्या दगडांवर मारल्यात, त्यामुळे चुकत नाही. साधारण साडेतीन-चार किलोमीटर जायला आणि तेवढंच यायला, थांबत थांबत चार-पाच तास धरा. जाताना वाट थोडी उतरती आहे म्हणजे येताना चढ, तेव्हा मुलाची ताकद येण्यासाठी राखून ठेवा.

मागे कुठूनही फिरता येतं, पण अधूनमधून बाहेर पडायची वाट नाही, जिथून आलात तिथूनच परत. भावजी मध्येच बसले तर त्यांना तेवढं सगळं पुन्हा चालून यावंच लागणार, हे आधीच बोलून घ्या.

आणि अल खितैमला शेळ्या फार सलगी करतात, वाटेवरही भेटतात. शेळ्या किंवा समोरून माणसं आली की आपण भिंतीकडे सरकून थांबायचं आणि त्यांना दरीकडून जाऊ द्यायचं. मुलाला हे आदल्या दिवशीच पाठ करून घ्या, कारण शेळी आली की पोरं तिला जागा द्यायला पटकन मागे सरकतात, आणि मागे दरी असते.

घाटवाटांचा वेडा:
दहावर्षाच्या मुलाने हरिहर केलाय म्हणजे भीती नाही हे कळलं, पण दोन्हींची जात वेगळी आहे हो. हरिहरला कातळात खोबण्या आहेत, हात धरायला काहीतरी असतं, आणि चढताना तोंड कातळाकडे असतं. आपल्याकडच्या आडव्या वाटांवर गवत असतं, कारवी असते, त्यामुळे खोली पूर्ण दिसतच नाही. तिथे नुसता उघडा चुनखडक, झुडूप असलं तरी विरळ, त्यामुळे चालणं सोपं पण दरी सतत डोळ्यांसमोर. दृष्टीभयवाल्याला हेच जड जातं. पायाखाली सुटे खडे असतात, बूट चांगल्या ग्रिपचे हवेत. मुलाच्या पुढे एक मोठा, मागे एक मोठा, आणि फोटो काढायचा तर आधी थांबायचं मग फोन काढायचा, चालता चालता अजिबात नाही.

भावजींसाठी माझं मत विचाराल तर नको. वर कड्याच्या काठाला रेलिंग केलेला व्ह्यू पॉइंट आहे, तिथून तीच घळ दिसते. त्यांना जमतंय का ते तिथेच आधी बघा. तिथेच पाय लटपटले तर उत्तर मिळालं, आणि तुम्हाला काही बोलावंही लागणार नाही.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार, व्ह्यू पॉइंटची युक्ती सगळ्यात पटली, आधी तिथेच नेते. एकच अजून, पाणी किती आणि थंडी किती? वस्तीपाशी झरा आहे असं वाचलं.

रुवीकर:
झरा वस्तीच्या वरच्या अंगाला आहे, थोडं दगडांतून चढावं लागतं, पण त्याच्या भरवशावर जाऊ नका, माणशी दोन-तीन लिटर सोबतच न्या. अल खितैम सोडलं की वाटेत काही मिळत नाही. वस्ती बघण्यासारखी आहे मात्र, पुढे आलेल्या कातळाच्या छताखाली दगडी घरं आणि खाली जुन्या शेतांच्या पायऱ्या, त्या जागी माणसं शेती करून राहिली हे बघून मला फार भरून आलं होतं.

डिसेंबरात वर रात्री शून्याच्या आसपास जातं, मुक्काम करणार असाल तर चांगली जॅकेट. सकाळी आठला चालायला लागा, तिथे सूर्य साडेपाचच्या आत मावळतो. निज्वा, अल हमरा करून वर जाताना शेवटी कच्चा रस्ता लागू शकतो, फोर बाय फोर घ्या. अंदाजात पाऊस दिसला तर बेत सरळ पुढे ढकला, ओल्या कड्यावरून दगड सुटतात आणि खालच्या वादीला पूर येतो तो वेगळाच. ९९९९ हा इथला आणीबाणीचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

धागाकर्ती:
ठरलं मग. नवरा पुढे, भाचा मध्ये, मी मागे. ताई भावजींसोबत व्ह्यू पॉइंटला थांबेल, आणि आम्ही चालतोय तेवढ्या वेळात त्यांना अल हमराजवळच्या मिस्फात गावात खजुरांच्या बागेतल्या फलजवरून (पाण्याच्या जुन्या पाटावरून) फिरायचं असेल तर दुसरी गाडी घेतो. शुक्रवार-शनिवारी गर्दी असते म्हणून मधल्या वारी जातोय. त्याच सुमारास मस्कतहून अजून कोणी लहान मुलांना घेऊन जाणार असेल तर इथेच कळवा, सोबतच निघू.