मदत हवी आहे: अनोळखी लोकांच्या व्हिडिओंतून गाणं जोडतेय, पण हात आधी पडतो आणि ठोका मागून येतो

तुकडेजोड:

मंडळी, गेले तीन महिने एक खूळ घेऊन बसलेय आणि आता पार अडलेय. जरा सविस्तर लिहिते, कारण नेमकं कुठे चुकतंय तेच कळत नाहीये.

कुटिमान या इस्रायली संगीतकाराचं २००९चं ‘थ्रू यू’ इथे बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. यूट्यूबवर आपापल्या खोलीत एकेकटी वाजवणारी माणसं घेऊन त्याने सात गाणी रचली. कोणी वाद्य शिकवतंय, कोणी नुसता रियाज करतंय. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही आणि गाण्यात मात्र सगळी एकाच बैठकीला बसलेली. ते पाहिल्यापासून हात शिवशिवत होते.

माझ्याकडे तेवीस तुकडे आहेत. ड्रम, बास, दोन गिटार, चेलो, एका काकांची बासरी, टाळ्या वाजवणारं एक लहान मूल. आणि मधोमध एक मुलगी. पलंगाच्या कडेला बसून साथीशिवाय चार ओळी गुणगुणते, बहुतेक स्वतःच्याच. फोन उशीला टेकवून ठेवलेला असावा, कारण दुसऱ्या ओळीला तो घसरतो आणि चित्रात तिची हनुवटी आणि भिंत एवढंच उरतं. चौदाव्या सेकंदाला कुठेतरी दार करकरतं. ती थांबत नाही, डोळे तेवढे दाराकडे जातात. पाच वर्षं झाली तो व्हिडिओ टाकून, पाहणारे शंभरही नाहीत. सगळं गाणं मी त्या आवाजाभोवती उभं केलंय.

ऑडिओ वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवला, तो ऐकायला ठीक आहे. मग व्हिडिओ एडिटरमध्ये तेच तुकडे चित्रासकट लावले. पहिलं अर्धं-पाऊण मिनिट झकास जातं. पुढे ड्रमवाल्याचा हात आधी पडायला लागतो, ठोका मागून येतो, आणि शेवटी शेवटी तर तो दुसऱ्याच कुठल्या गाण्यात वाजवतोय असं वाटतं. तीनदा पुसून पुन्हा लावलं. तीनदा तेच.

दुसरं म्हणजे सूर. मुलीचा षड्ज काळी चारच्या खाली आहे, ट्यूनरवर मोजला तर ३३ सेंट उतरलेला (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). बाकीचे बरेचसे नेमक्या पट्टीत. पिच सुधारणाऱ्या प्लगइनमधून तिला वर खेचलं तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो.

आणि परवानगीचं काय करायचं असतं, हेही कोणी सांगा. तेवीस जणांना विचारायचं?

कात्री_आणि_डिंक:

आधी तीन गोष्टी सांगा. लय किती? व्हिडिओ प्रोजेक्टचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला चित्रं, किती? आणि ड्रमचा तुकडा अख्खा आहे की एकच आवर्तन कॉपी-पेस्ट केलंय?

तुकडेजोड:

लय मिनिटाला ९२ मात्रा. फ्रेम रेट २५. ड्रमचं चार मात्रांचं एक आवर्तन घेऊन तेच पुढे पुढे चिकटवलंय, गाणं साडेतीन मिनिटांच्या आत आहे. का हो?

कात्री_आणि_डिंक:

सापडलं बघा. ९२च्या लयीत चार मात्रांना २.६०८७ सेकंद लागतात. २५ने गुणलंत तर ६५.२ फ्रेम. पण व्हिडिओ एडिटरला पाव फ्रेम कापता येत नाही, तो सरळ ६५वर कापतो. म्हणजे दर आवर्तनाला चित्र जवळपास ९ मिलिसेकंदांनी लवकर संपतं आणि पुढचं त्याला लगेच चिकटतं. एका आवर्तनात कोणाच्या बापाला कळणार नाही. तिसाव्या आवर्तनाला पाव सेकंद झाला, शेवटाला अर्ध्याच्याही वर.

पहिलं अर्धं-पाऊण मिनिट ठीक वाटतं त्यालाही कारण आहे. चित्रामागून आवाज आला तर माणूस साधारण सव्वाशे मिलिसेकंदांपर्यंत चालवून घेतो, लांबचा आवाज उशिरा येतो हे कानाला सवयीचं आहे. उलटं झालं, आवाज आधी आणि हात मागून, तर ४५ मिलिसेकंदांतच खटकायला लागतं. तुमची सव्वाशेची मर्यादा चौदाव्या-पंधराव्या आवर्तनाला ओलांडली जाते. घड्याळ लावून बघा, सदतीस-अडतीस सेकंद.

उपाय दोन. एक, चिकटवत जाऊ नका. प्रत्येक आवर्तनाची सुरुवात गाण्याच्या शून्यापासून मोजून ठेवा, दहावं आवर्तन संपलं की अकरावं २६.०८७ सेकंदाला, असं. मग चूक साचत नाही, कुठेही अर्ध्या फ्रेमपेक्षा जास्त होत नाही. मध्ये कधी एका फ्रेमची फट पडेल तिथे आधीचं चित्र एक फ्रेम लांबवा. दोन, लयच बदला. ९३.७५ घेतली तर एक मात्रा बरोब्बर १६ फ्रेमची होते आणि भानगडच मिटते.

आणखी एक. फोनवर काढलेल्या व्हिडिओंचा फ्रेम रेट बऱ्याचदा बदलता असतो, उजेड कमी झाला की फोन गुपचूप फ्रेम कमी करतो. असे तुकडे आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून ठरावीक फ्रेम रेटला काढून घ्या. नाहीतर एका आजारावर औषध देताय आणि दुसरा तसाच.

विसंवादी:

थांबा थांबा. ९२ वरून ९३.७५ म्हणजे १.९ टक्के वेग वाढवणं. जुन्या टेपसारखा अख्खा तुकडा, चित्र आणि आवाज एकत्र, १.९ टक्के जलद फिरवला तर सूर किती चढतो माहितीये? ३३ सेंट! म्हणजे मुलगी काळी चारवर येते आणि लयही फ्रेमवर बसते. आवाज पत्र्याचाही होणार नाही, कारण पत्र्याचा होतो तो वेग तोच ठेवून फक्त सूर उचलल्यामुळे. लॉटरीचं तिकीट घ्या ताई आज.

(बाकीचे सूरवाले तुकडे मात्र टेपसारखे जलद करू नका, तेही चढतील. त्यांचा सूर तोच ठेवून फक्त लय वाढवा. एवढ्याशा फरकाला गिटार कुरकुरत नाही.)

मंद्रसप्तक:

गणित बिनचूक आहे, पण मी तसं करणार नाही. साथ गाणाऱ्याच्या पट्टीत लावायची असते. मुलगी काळी चारच्या जरा खाली गातेय तर तीच त्या गाण्याची पट्टी, बाकीच्यांना ३३ सेंट खाली उतरवा. बास, चेलो, गिटार एवढं सहज सोसतात. गळ्याला जरा हात लावला की लगेच कळतं, श्वास आणि ‘स’, ‘श’ आधी बोंबलतात.

बासरी तेवढी जपून. ती खाली ओढली की फुंकेचा आवाज जाड होतो. बासरीवाल्या काकांचे सगळेच सूर सारखे लागलेले नसणार, तेव्हा आख्खी ओळ घेण्यापेक्षा त्यांचे दोन-तीन चांगले सूर निवडा.

खोल्यांचं काय केलंत ते लिहिलं नाहीत. तेवीस तुकडे म्हणजे तेवीस खोल्या. एकाची न्हाणीघरासारखी घुमते, एकाची गाद्यागिरद्यांची. सगळ्यांवर वरून एकच रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, ओतून खोल्या एक होत नाहीत. घुमणारे तुकडे मागे ठेवा, कोरडे पुढे. मुलीचा आवाज अगदी जवळ आणि कोरडा असणार, तो तसाच राहू दे. आणि फोन स्वतःच लांबवलेला सूर दाबतो, त्याला ती पंख्याची घरघर वाटते. सूर मध्येच बारीक होत असेल तर तो दोष तिचा नव्हे, फोनचा.

बघ्या:

म्हणजे दुसऱ्याने गायचं, दुसऱ्याने वाजवायचं, आणि नाव हिचं. छान.

मंद्रसप्तक:

@बघ्या, तेवीस जणांना एका सुरात बसवून दाखवा, मग बोलू.

कात्री_आणि_डिंक:

बघ्यांचा सूर खवचट आहे, मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. परवानगीबद्दल कोणी लिहिलं नाहीये म्हणून लिहितो.

व्हिडिओ सगळ्यांना दिसतो म्हणजे सगळ्यांना वापरता येतो असं नाही. यूट्यूबवर शोधताना फिल्टरमध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे इतरांना वापरू देणाऱ्या खुल्या परवान्याचा, पर्याय आहे. ज्यांनी तो परवाना लावलाय त्यांचे तुकडे नाव देऊन वापरता येतात. बाकीच्यांना विचारायचं. आणि तो तुकडा दुसऱ्या कोणाच्या गाण्याचा असेल तर वाजवणाऱ्याने हो म्हणून भागत नाही, मूळ रचनेचा हक्क वेगळा. ड्रमवाल्यांकडे खास लक्ष द्या. ते पुष्कळदा मागे एखादं प्रसिद्ध रेकॉर्डिंग लावून त्यावर वाजवतात. ते मागचं रेकॉर्डिंग कंटेंट आयडीला (हक्क असलेलं संगीत आपोआप ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा) ऐकू गेलं की दावा आलाच, आणि तो ड्रमवाल्याकडून नाही, कंपनीकडून.

टाळ्या वाजवणारं मूल काढून टाका. आईवडिलांचा होकार लेखी असेल तरच ठेवा. टाळ्या काय, तुम्हीही वाजवू शकता.

विसंवादी:

पण कुटिमानने तरी कुठे आधी विचारलं होतं? २०१४ साली त्याने याचाच दुसरा भाग काढला, त्यात प्रिन्सेस शॉ ही न्यू ऑर्लिन्सची गायिका होती. तिचं गाणं घेतलंय हे तिला प्रसिद्ध झाल्यावरच कळलं. तिला आनंद झाला, त्यावर माहितीपटही निघाला.

कात्री_आणि_डिंक:

तिला झाला. दुसरीला होईलच असं नाही. शंभर जणांनीही न पाहिलेला व्हिडिओ कदाचित शंभर जणांनी बघावा म्हणून टाकलेलाच नसेल. आणि त्याचं उदाहरण द्यायचं तर हेही सांगा की ‘थ्रू यू’मधल्या मूळ व्हिडिओंचे दुवे त्याने श्रेयनामावलीत दिले होते.

तुकडेजोड:

नऊ दिवसांनी येतेय, माफ करा.

शून्यापासून मोजून लावलं. हात आणि ठोका शेवटपर्यंत एकत्र! कात्रीभाऊ, घड्याळही लावून पाहिलं होतं, जुन्या आवृत्तीत बरोबर अडतिसाव्या सेकंदाला खटकतं. तीन तुकड्यांचा फ्रेम रेट बदलताच निघाला, चेलो त्यातलाच.

विसंवादी, तुमची युक्तीही करून पाहिली. सूर काळी चारवर, लय फ्रेमवर, सगळं बरोबर, पण ती मुलगी मला घाईत असल्यासारखी वाटायला लागली. दोन टक्क्यांत काय कळतंय म्हणाल, आणि माझ्याच मनाचे खेळ असतीलही. पण तिचा श्वास मला आता पाठ झालाय. म्हणून तिला आहे तिथेच ठेवलं आणि बाकीच्यांना खाली आणलं. दार करकरतं ते बरोबर समेच्या अर्धी मात्रा आधी पडतं. तिथे मी सगळी वाद्यं थांबवलीत. दार करकरतं, ती बघते, आणि समेवर बास येतो. सगळ्या गाण्यात मला तेवढंच स्वतःचं वाटतं.

मूल काढलं, टाळ्या माझ्याच. सोळा जणांना लिहिलं, अकरा जणांचा होकार आला. एका गिटारवाल्याने नाही म्हटलं, त्याचा तुकडा काढला. बासरीवाल्या काकांनी होकाराबरोबर नऊ नवे व्हिडिओ पाठवले.

आणि मुलीचं उत्तर काल रात्री आलं. तिला गाणं आवडलं. पण तिला तो व्हिडिओ लाजिरवाणा वाटतो म्हणे. फोन घसरलाय, दार वाजलंय, सूर उतरलाय. आता तिच्याकडे चांगला माइक आहे, दोन दिवसांत नीट गाऊन पाठवते म्हणाली, पट्टी कुठली ठेवू तेवढं कळवा.

मला नीट गायलेलं नकोय. हे तिला कसं सांगू?

मंद्रसप्तक:

आधी तिने पाठवलेलं ऐका. मग तिच्यासमोर दोन्ही ठेवा आणि कुठलं घ्यायचं ते तिलाच ठरवू द्या. पट्टी मात्र ३३ सेंट उतरलेलीच कळवा.

बघ्या:

दार करकरतं तो भाग कधी ऐकवताय?