मदत हवी आहे: लाटेकमध्ये एकच प्रमेय मराठीत आणि इंग्रजीत, पण क्रमांक एकच हवा

नमस्कार मंडळी,

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावी विज्ञानाला गेलेली मुलं पहिले दोन महिने नुसती भांबावलेली असतात. गणित येत असतं, पण 'समरूप' म्हणजे 'सिमिलर' आणि 'एकरूप' म्हणजे 'काँग्रुअंट' एवढ्यावर अडतात. त्यांच्यासाठी लाटेकमध्ये (आज्ञा लिहून गणिती मजकूर छपाईसाठी मांडायची प्रणाली) भूमितीची छोटी पुस्तिका करतोय. प्रत्येक प्रमेय आधी मराठीत आणि लगेच खाली इंग्रजीत, असा बेत आहे.

मोबाइलवरून लिहितोय आणि कळफलक मराठीचाच आहे, त्यामुळे आज्ञांची नावं उच्चारानुसार देवनागरीत देतोय. समजून घ्या.

मांडणी अशी: लुआ-लाटेक (लाटेकचाच एक प्रकार), भाषांसाठी बेबेल हे पॅकेज, म्हणजे जोड-साधन (मुख्य भाषा मराठी, जोडीला इंग्रजी), प्रमेयांसाठी एएमएस-टीएचएम. मराठीला शोभिका हा फॉन्ट, इंग्रजीला लॅटिन मॉडर्न. न्यूथिअरममध्ये (प्रमेयाचा प्रकार ठरवणारी आज्ञा) 'प्रमेय' हा शब्द थेट न लिहिता थिअरमनेम नावाची आज्ञा दिली आहे. तिचा अर्थ मराठीत 'प्रमेय' आणि इंग्रजीत 'थिअरम' असा बेबेलच्या सेटलोकेलकॅप्शनने ठरवलाय. इंग्रजी मजकूर अदरलँग्वेज या एन्व्हायर्नमेंटमध्ये (आतल्या मजकुरापुरती लागू होणारी चौकट) टाकतो, तारांकित (नावापुढे तारा असलेला) प्रकार वापरलाय.

अडचणी चार:

पहिली. मराठी प्रमेयाचं शीर्षक 'प्रमेय १.१' असं झकास येतं. इंग्रजीत मात्र शब्द गायब आणि नुसता ठळक क्रमांक. त्रुटीचा संदेश नाही, काही नाही. पीडीएफ तयार!

दुसरी. 'प्रमाणाचे मूलभूत प्रमेय' मराठीत १.१ आणि त्याचंच इंग्रजी रूप १.२. पुढचं प्रमेय १.३. मुलांना वाटेल दोन वेगळी प्रमेयं आहेत.

तिसरी. प्रमेयाचं विधान इंग्रजीत तिरपं येतं, मराठीत सरळ. एकाच पानावर ते फार विचित्र दिसतं. 'सिद्धता' हा शब्दही साध्या ठशात येतो आणि मजकुरात बुडून जातो.

चौथी क्षुल्लक आहे, पण डोळ्यांत खुपते. प्रूफनेममध्ये ('सिद्धता' हा शब्द ठरवणारी आज्ञा) मी 'सिद्धताः' असं दोन टिंबांसकट लिहिलं, तर छापताना त्यापुढे आणखी एक पूर्णविराम येतो.

दोन रविवार यात गेले. परवा तर वैतागून सगळं वर्डमध्ये हलवायला निघालो होतो.

प्रतिसाद १

वर्डमध्ये नका जाऊ, तिथे समीकरणांची वेगळी रडगाणी आहेत.

पहिल्या अडचणीचं मूळ त्या ताऱ्यात आहे. तारांकित अदरलँग्वेज भाषा बदलतं, फॉन्ट बदलतं, पण 'प्रकरण', 'आकृती', 'सिद्धता' यांसारखी ठरलेली नावं बदलत नाही. फॉरेनलँग्वेजचंही तसंच, कारण ते ओळीतल्या दोन-चार परक्या शब्दांसाठी आहे. म्हणजे तुमच्या इंग्रजी भागात थिअरमनेमचा अर्थ अजून 'प्रमेय'च आहे, फॉन्ट मात्र लॅटिन मॉडर्न झालाय. त्या फॉन्टात 'प' नावाचं अक्षरच नाही, म्हणून शब्द उडाला. तारा काढा, बिनताऱ्याचं अदरलँग्वेज वापरा.

आणि एक सवय लावून घ्या. फाइलीच्या सुरुवातीच्या भागात (प्रिअँबल) ट्रेसिंगलॉस्टकॅरेक्टर्स ३ वर ठेवा. टेक लाइव्ह २०२१ पासून ३ दिलं की फॉन्टात नसलेलं अक्षर आल्यावर थेट त्रुटी येते. नाहीतर ती नोंद लॉगच्या फाइलीत गुपचूप पडून राहते आणि आपण पीडीएफकडे बघत बसतो.

प्रतिसाद २

चौथ्या अडचणीचं मी सांगतो, कारण मीही तिथे आपटलोय. तुम्ही वर जे टंकलंय ते नीट बघा. ती दोन टिंबं कोलन नाहीत, विसर्ग आहे! मराठी कळफलकावर 'दुःख'मधला विसर्ग हाताशी असतो, कोलन शोधावा लागतो, म्हणून निम्मा महाराष्ट्र 'दिनांकः' आणि 'विषयः' लिहितो.

एएमएस-टीएचएम शीर्षकानंतर पूर्णविराम टाकतं, पण शेवटी आधीच विरामचिन्ह असेल तर टाकत नाही. विसर्ग त्याच्या लेखी अक्षर आहे, विरामचिन्ह नव्हे. खरा कोलन टंका, पूर्णविराम आपोआप जाईल. आपल्या शाळेच्या पुस्तकात 'पक्ष :', 'साध्य :', 'सिद्धता :' असंच असतं, तेव्हा पोरांनाही ओळखीचं वाटेल.

धागालेखक

तारा काढला आणि 'थिअरम' आलं! मीच तारांकित घेतलं होतं, कुठल्याशा नमुन्यातून उचललं असावं. आणि विसर्गाचं काय बोलू… वीस वर्षं फळ्यावर 'सिद्धता :' लिहितोय आणि टंकताना विसर्ग. विद्यार्थ्यांना सांगू नका.

दुसरी आणि तिसरी बाकी आहे.

प्रतिसाद ३

तिसरी आधी, ती सोपी आहे. एएमएस-टीएचएमची 'प्लेन' शैली विधान तिरपं करते. देवनागरी फॉन्टांना बहुधा तिरपं रूपच नसतं, शोभिकाचेही साधा आणि ठळक एवढेच अवतार. मग लाटेक गुपचूप सरळ ठसा वापरतं. काही जण कृत्रिम तिरपेपणा लावतात. कृपा करून तसं करू नका. शिरोरेघ असलेली अक्षरं तिरपी केली की वाऱ्यात दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसतात.

त्याऐवजी न्यूथिअरमस्टाइलने स्वतःची शैली बनवा. त्याला नऊ गोष्टी द्याव्या लागतात. चौथी म्हणजे विधानाचा ठसा, तिथे नॉर्मलफॉन्ट लिहा. सातवी म्हणजे शीर्षकानंतरचं चिन्ह, तिथे कोलन. 'प्रमेय १.१.' असे दोन पूर्णविराम तसेही बरे दिसत नाहीत. दोन्ही भाषांना हीच शैली. विधान वेगळं उठून दिसायला हवं असेल तर डावीकडे उभी रेघ द्या, टीकलरबॉक्स या पॅकेजने होते. 'सिद्धता' ठळक करायला प्रूफनेममध्ये शब्दाच्या आधी अपशेप आणि बीएफसिरीज घाला, इंग्रजीतही तेच.

आता क्रमांक. दोन्ही रूपांना एकच गणक (क्रमांक मोजणारा काउंटर) आहे, म्हणून तो दोनदा पुढे सरकतो. इंग्रजी रूप सुरू करण्याआधी ॲडटूकाउंटरने गणक उणे एक करा. मग इंग्रजी प्रमेय तो पुन्हा एकने वाढवेल आणि दोघांचा क्रमांक १.१ राहील. हे प्रत्येक वेळी हाताने करू नका, एक दिवस विसराल. न्यूएन्व्हायर्नमेंटने 'जोडप्रमेय' असं काहीतरी बनवा. त्यात क्रमाने गणक मागे घ्या, अदरलँग्वेज उघडा, प्रमेय उघडा. बंद करताना उलट्या क्रमाने. लेबल (संदर्भासाठीची खूण) फक्त मराठी रूपाला द्या.

हायपररेफ (पीडीएफमध्ये दुवे करणारं पॅकेज) वापरत असाल तर एकाच नावाचे दोन दुवे झाल्याची तक्रार लॉगमध्ये येईल. हायपररेफ दुव्याचं नाव 'द-एच' आणि पुढे गणकाचं नाव अशा आज्ञेतून घेतं. 'जोडप्रमेय'च्या आत तेवढीच बदला आणि शेवटी इंग्रजीची खूण जोडा. बदल एन्व्हायर्नमेंटपुरताच राहतो, बाहेर काही बिघडत नाही.

समीकरणांना क्रमांक देत असाल तर तिथेही हीच गंमत होणार. इंग्रजी रूपातल्या समीकरणाला टॅगमध्ये (क्रमांक हाताने द्यायची आज्ञा) मराठीतल्या समीकरणाचा रेफ (त्याचा क्रमांक आणणारी आज्ञा) द्या.

धागालेखक

चाललं! प्रमेय १.१ आणि खाली थिअरम १.१. 'त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर असणारी रेषा…' आणि खाली तेच इंग्रजीत, दोन्ही सरळ ठशात, डावीकडे रेघ. अंक मी इंग्रजीच ठेवलेत, सूत्रांत तेच येतात म्हणून. बायकोला दाखवलं, ती म्हणाली, "एवढ्यासाठी दोन रविवार?"

पण आता नवीन भानगड. संदर्भांसाठी क्लेव्हररेफ (क्रमांकाआधी 'प्रमेय'सारखा शब्द आपोआप घालणारं पॅकेज) लावलं. त्याला मराठी येत नाही, म्हणून क्रेफनेममध्ये एकवचन 'प्रमेय', अनेकवचन 'प्रमेये' दिलं. एक संदर्भ असेल तर 'प्रमेय १.१ वरून' ठीक येतं. दोन असले की 'प्रमेये १.१ व १.३ वरून'. हे मराठी आहे का?

प्रतिसाद २

नाही. आणि ते कुठल्याही पॅकेजला जमणार नाही, कारण आपल्याकडे प्रत्यय लागला की शब्द वाकतो. 'प्रमेयावरून', 'प्रमेयांत', 'व्याख्येनुसार', 'व्याख्यांनुसार'. इंग्रजीत आधी 'बाय' लावला की पुढचा शब्द जसाच्या तसा राहतो, म्हणून तिथे क्लेव्हररेफ खपून जातं.

मी मराठी मजकुरात फक्त रेफ वापरतो आणि शब्द हाताने लिहितो: 'प्रमेय १.१ व १.३ यांवरून'. शब्द आणि क्रमांक यांच्यामध्ये टिल्ड (~) टाका, म्हणजे क्रमांक एकटा पुढच्या ओळीत जाणार नाही. इंग्रजी मजकुरात क्लेव्हररेफ खुशाल वापरा. फक्त तिथे क्रेफनेमची नावं इंग्रजी हवीत.

प्रतिसाद ४

थोडं विषयाबाहेर. तुमच्या नावांच्या यादीत 'डेफिनिशन'ला काय दिलंय? हिंदीची तयार यादी उचलली असेल तर तपासून घ्या. हिंदीत 'परिभाषा' म्हणजे डेफिनिशन आणि 'व्याख्या' म्हणजे स्पष्टीकरण. आपल्याकडे डेफिनिशन म्हणजे 'व्याख्या', आणि 'परिभाषा' म्हणजे त्या विषयाचे ठरावीक शब्द.

फॉन्टच्या पर्यायांत स्क्रिप्ट देवनागरी आणि लँग्वेज मराठी दिलंय ना? फॉन्टात सोय असेल तर त्यामुळे 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात. रेंडररही (फॉन्टातली अक्षरं जुळवणारा भाग) हार्फबझ ठेवा, म्हणजे जोडाक्षरं तुटणार नाहीत.

धागालेखक

उघडून पाहिलं तर खरंच 'परिभाषा' होतं, आणि सिद्धतेला 'उपपत्ति', तेही ऱ्हस्व! ती ओळ मी वर बदलली होती म्हणून लक्षात आलं नव्हतं. दोन्ही दुरुस्त केलं. रेंडरर हार्फबझ केल्यावर 'दऱ्या'मधला अर्धा र मनासारखा आलाय.

'लेमा'ला (मोठ्या प्रमेयाच्या सिद्धतेसाठी लागणारं छोटं प्रमेय) मी 'पूर्वप्रमेय' ठेवतोय, मुख्य प्रमेयाच्या आधी येतो म्हणून. कोणाकडे याहून बरा शब्द असेल तर शनिवारपर्यंत सांगा, सोमवारी झेरॉक्सला टाकायचंय.