मदत हवी आहे: १९६४ची बीटल, बॉडी उचलू की नको?

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो. आज पहिलाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

गाडी फोक्सवॅगन बीटल, १९६४चं मॉडेल. इंजिन ११९२ सीसी, ३४ हॉर्सपॉवर, वायरिंग सहा व्होल्ट, चारही चाकांना ड्रम ब्रेक. बारा वर्षं एका शेडमध्ये उभी होती. पोरं हिला बेडूक म्हणतात, त्यावरून माझा आयडी.

घेताना रंग चकाचक दिसला आणि मी भाळलो. घरी आणल्यावर लोहचुंबकाला पातळ फडकं गुंडाळून सगळीकडे फिरवलं. डाव्या दाराखाली चुंबक चिकटेचना. स्क्रूड्रायव्हरने टोकरलं तर पुट्टीचा तळहाताएवढा पोपडा निघाला आणि त्याच्या मागे चक्क वर्तमानपत्राचा बोळा! डावं हीटर चॅनेल पुढून अर्धं गेलंय. मागच्या सीटखाली बॅटरी बसते तिथल्या पत्र्यातून खालची फरशी दिसते.

येत्या रविवारी सहा मित्र येणार आहेत. बेत असा: बॉडी पॅनवरून (म्हणजे चाकं-इंजिन लावलेल्या तळाच्या सांगाड्यावरून) सुटी करून बाजूला ठेवायची, दोन्हीचं सँडब्लास्टिंग, मग वेल्डिंग. पुढे १२ व्होल्ट, पुढच्या चाकांना डिस्क आणि जमलं तर १६०० सीसीचं इंजिन. मिग वेल्डिंग मी शिकलोय, पण आतापर्यंत गेट आणि रॅकच केलेत.

प्रश्न दोन. हा क्रम बरोबर आहे का? आणि सहाचे बारा व्होल्ट करताना नक्की काय काय बदलावं लागतं? दर ठिकाणी वेगळी यादी सापडते.

पत्रेमार

रविवारचं आमंत्रण आधी रद्द करा, मग पुढचं वाचा.

हीटर चॅनेल म्हणजे नुसती गरम हवेची नळी नाही. दाराखालची ती पोकळ पेटी बॉडीचा कणा आहे आणि तिच्यातूनच बॉडी पॅनला बोल्टने आवळलेली असते. ती कुजलेली असताना सहा जणांनी बॉडी उचलली तर दारांची चौकट तिथल्या तिथे चिमटते. नंतर तुम्ही सुबक नवं चॅनेल लावाल, पण वाकड्या चौकटीला. बॉडी परत पॅनवर ठेवली की एकही भोक जुळणार नाही. मी हे एकदा केलंय. दार बंद करायला आठ महिने खांदा लावत होतो.

आज एवढंच करा. गाडी चार चाकांवर, सपाट जागेत उभी करा. दार आणि मागचा खांब यांच्यातली फट वर किती, खाली किती, दोन्ही बाजूंनी मोजा. मग दार उघडून टोकाला धरून वर उचला. खडखड झाली तर दोष बिजागरीत आहे. खडखड नसूनही फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी पोटात बसलीय, म्हणजे मधोमध खचलीय. आकडे इथे टाका.

सहा_व्होल्ट

पत्र्यातलं मला कळत नाही, विजेचं सांगतो. पहिलं म्हणजे हार्नेस (गाडीतल्या वायरींचा जुडगा) फेकू नका. सहा व्होल्टला करंट दुप्पट लागतो, म्हणून मूळ वायर जाडच असतात. इन्सुलेशन तडकलेलं नसेल तर त्या बाराला निवांत चालतील.

बदलायचं ते हे: बॅटरी, डायनॅमो आणि त्याचा रेग्युलेटर, इग्निशन कॉइल, हॉर्न, इंडिकेटरचा फ्लॅशर आणि झाडून सगळे बल्ब. स्पीडोमीटरमधले चिमुकले बल्बसुद्धा, ते हमखास विसरतात. कार्ब्युरेटरवरच्या ऑटोमॅटिक चोकचं एलिमेंटही बदला, नाहीतर चोक वेळेआधीच उघडेल आणि थंड इंजिन धापा टाकेल. वायपर मोटर १२ची घ्या. तुमच्या सालच्या गाडीत पेट्रोलचा काटा केबलवर चालतो, त्याला विजेशी देणंघेणं नाही.

सेल्फचा घोळ वेगळा आहे. सेल्फ इंजिनच्या ज्या दातेरी चाकाला फिरवतो ते फ्लायव्हील. सहा व्होल्टच्या फ्लायव्हीलला १०९ दात, बाराच्या फ्लायव्हीलला १३०. मोठं फ्लायव्हील जुन्या गिअरबॉक्सच्या घंटेत (फ्लायव्हीलभोवतीच्या खोळीत) बसत नाही, आतून घासून जागा करावी लागते. बरेच जण जुनं फ्लायव्हील आणि जुना सहाचा सेल्फ तसाच ठेवून त्याला बारा व्होल्ट देतात. झटकन फिरतो. एकेक सेकंदच मारायचा, दाबून धरायचा नाही. मी तसाच चालवतोय.

आणि बॅटरी सीटखाली असते हे विसरू नका. नवी बॅटरी उंचीला जास्त निघाली आणि मागे कोणी वजनदार माणूस बसला, तर सीटच्या स्प्रिंगा टर्मिनलला टेकतात आणि सीटचं भुसकट पेटतं. बीटल जळण्याचं हे जुनं कारण आहे. टर्मिनलवर झाकण हवंच.

टेकूराव

वर्तमानपत्राची तारीख वाचता येते का बघा. मागच्या मालकाने ‘नुकतंच बॉडीकाम केलंय’ म्हणून सांगितलं असेल तर नुकतंच म्हणजे कधी ते कळेल :)

बेडूकस्वार (धागाकर्ता)

टेकूराव, तारखेचाच तुकडा गंजलाय! पण क्रिकेटचा स्कोअर आहे, शोधतो.

पत्रेमार, मोजलं. उजवीकडे वर ४ मिमी, खाली ५. डावीकडे वर २, खाली ८. दार उचलून पाहिलं, बिजागरी घट्ट आहे. म्हणजे पोटात बसलीय ना?

मित्रांना फोन केला. दोघांना आनंदच झाला असं वाटलं.

पत्रेमार

बसलीय. पण उजवी बाजू शाबूत आहे हे तुमचं नशीब.

बॉडी पॅनवरच राहू द्या. पुढे पेट्रोलची टाकी आहे ती आधी उतरवून घराबाहेर न्या, बॅटरी काढा, आतलं कापड आणि सीट काढा. पॅनखाली डाव्या बाजूला, दोन्ही खांबांच्या मध्ये जाड फळी ठेवून जॅक लावा आणि अगदी हळू चढवा. नजर जॅकवर नको, दाराच्या फटीवर ठेवा. वरखाली सारखी झाली की थांबा. मग दाराच्या चौकटीत चौकोनी पाइप आडवे-तिरपे टाका. पण दार बंद होईल अशा बेताने, आतल्या बाजूने. दार लावून बघता आलं नाही तर त्या टेकूचा काही उपयोग नाही.

त्यानंतरच कापायचं. एकदम अख्खं चॅनेल काढू नका. नवं चॅनेल आधी पॅनला बोल्टने आवळा, दार लावून फट बघा, मग टाके घाला. गेटची सवय इथे विसरा. गेटला तुम्ही सलग रेघ ओढता, इथे पत्रा मिलिमीटरभर जाडीचा, सलग ओढलात की पापडासारखा वळेल. ०.६ मिमीची तार, एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मधे हात लावून बघा किती तापलंय. जुन्या पत्र्याचे तुकडे घेऊन दोन संध्याकाळी नुसता सराव करा. दोन पत्रे एकमेकांवर येतात तिथे आधी वेल्डिंग चालणारा झिंक प्रायमर, बाहेरून इपॉक्सी आणि सगळं संपल्यावर चॅनेलच्या आत पातळ मेण फवारायचं. गंज आतून येतो, बाहेरचा रंग त्याला अडवत नाही.

सँडब्लास्टिंग बॉडीवर नको. छताचा मोठा सपाट पत्रा त्याने लहरतो. पॅनवर हवं तर करा.

सहा_व्होल्ट

१६००चं विचारायचंच राहिलं. आहे ते इंजिन जाम आहे की फिरतं? प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडा, दोन दिवसांनी डायनॅमोच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा. सेल्फ मारू नका. मग क्रँकची खालची पुली धरून आतबाहेर ओढा. नव्या इंजिनात हा खेळ ०.०७ ते ०.१३ मिमी असतो. डायल गेजवर ०.१५च्या वर निघाला तर खोलावंच लागेल. नसेल तर ३४ घोडे काय वाईट आहेत? तुमच्या गाडीला मागे स्विंग ॲक्सल आहे. वळणावर जोरात घालून मधेच पाय काढला की मागचं चाक पोटाखाली दुमडतं. ताकद वाढवायच्या आधी त्याचा बंदोबस्त हवा.

डिस्क लावणार असाल तर ड्रमचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकच्या तेलाला दाब देतो तो) तसाच ठेवू नका. ड्रमसाठी तो लाइनमध्ये थोडा दाब राखून ठेवतो, त्याने डिस्कचे पॅड घासत राहतील. शिवाय तुमचा सिलिंडर एकाच सर्किटचा आहे. एक नळी फुटली की चारही चाकं गेली. बदलायचाच आहे तर दोन सर्किटचा घ्या.

बेडूकस्वार (धागाकर्ता)

इंजिन फिरलं! दुसऱ्या दिवशी, पाव फेरा अडून मग सुटलं. पुलीला हाताला जाणवेल असा खेळ नाही, गेज मिळालं की आकडा टाकतो. १६०० तूर्तास यादीतून काढलं.

काल जॅक लावला. चार मिलिमीटर चढवल्यावर कुठेतरी ‘कट्’ असा आवाज आला, मी तिथेच थांबलो. फट आता वर ३, खाली ६. आवाज पुढच्या बाजूने, बिजागरीच्या खांबाच्या मुळाशी आला. तिथे पुट्टीला केसाएवढी चीर दिसते. पत्रेमार, ती खरवडून बघू, की जॅक उतरवून मग?

पत्रेमार

जॅक आहे तिथेच राहू दे, शेजारी दुसरा टेकू लावा. मग खरवडा. तिथेही बोळा निघेल असं वाटतंय. फोटो टाका.